मॅडमचं सेटिंग

“ताई, हिचं चालतंय, तिचं चालतंय. मग माझंच का अडलंय?”

पिवळ्या साडीतली ती बाई माझं मनगट धरून विचारत होती. तिच्या स्क्रीनवर एकच प्रश्न थिजून बसला होता. ती माऊस दाबत होती, हलवत होती, पण बाण तेवढा फिरत होता. प्रश्न जागचा हलत नव्हता. तिच्या डावीकडची मुलगी मात्र भराभर उत्तरं देत पुढं चालली होती.

लातूरजवळच्या एका कॉलेजात त्या दिवशी आरोग्यसेविका भरतीची ऑनलाइन परीक्षा होती. अहमदपूर, उदगीर, चाकूरकडून बायका आल्या होत्या. कुणाची लेकरं बाहेर लिंबाखाली आजीपाशी होती. कॉलेजचं सगळं नेटवर्क, म्हणजे केबल आणि त्या एकत्र जोडणारे स्विचचे डबे, आम्ही बसवलेलं. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा मन्मथ. बिडवे नेटवर्क्स.

“तुमचं नाव काय?” मी त्या बाईला विचारलं.

“कावेरी. ताई, वयाची अट आहे. मला पुढच्या भरतीला बसता येणार नाही.”

मी हॉलभर नजर टाकली. सुमारे निम्म्या बायका हात वर करून बसल्या होत्या. बंद पडलेले संगणक एका ओळीत नव्हते, एका कोपऱ्यात नव्हते. एक चालू, दोन बंद, परत एक चालू, असं कसंही विखुरलेलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख घोणसीकर सर घामाघूम होऊन माझ्याकडे आले. “मॅडम, केबल गेली असंल का हो?”

“केबल नाही, सर. हॉलपासून मुख्य इमारतीतल्या सर्व्हरपर्यंत आपल्या दोन केबल आहेत. दोन्हीकडच्या स्विचनी मिळून त्यांची जोडी केलीय, एकच जाड केबल असल्यासारखी. आणि ती जोडी आंधळी नाही. दोन्ही स्विच प्रत्येक केबलवरून एकमेकांना सारखा निरोप पाठवत असतात, मी आहे, तू आहेस का? एकीवरून निरोप यायचा थांबला, की स्विच आपणहून ती बाजूला काढतो आणि सगळ्यांना दुसरीवरून नेतो. केबल तुटली तरी इथं कुणाला कळणारसुद्धा नाही.”

हे मी छातीठोकपणे सांगितलं, कारण ती जोडी मीच बांधली होती. आमच्या धंद्यात त्याला डायनॅमिक लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. स्टॅटिक म्हणून दुसरा एक प्रकार असतो. त्यात कुणी कुणाला काही विचारत नाही. दोन केबल दिल्या की स्विच मान खाली घालून दोन्हींवर माल भरत राहतो. पलीकडे पोचतोय का, हे बघत नाही. तो प्रकार मी कधीच वापरत नसे.

म्हणून मी केबल सोडून बाकी सगळं तपासत बसले. सर्व्हर बघितला, परीक्षेच्या कंपनीच्या माणसाशी फोनवर भांडले, दोन संगणक बंद करून चालू केले. त्यात बराच वेळ गेला. शेवटी हॉलमधल्या भिंतीवरची स्विचची पेटी उघडायला लावली.

आत माझा स्विच नव्हता.

एक जुना, राखाडी, कडेला खरचटलेला डबा होता. अशा जुन्या डब्यांना निरोपाची भाषा येतच नाही. पण त्यावर दोन्ही केबलचे हिरवे दिवे लुकलुकत होते. घोणसीकर सर म्हणाले, “दिवे तर लागलेत.” मी मुख्य इमारतीकडे पळाले.

मैदान ओलांडताना कुंपणाच्या भिंतीलगत नवा चर दिसला. गटारासाठी आदल्या दिवशी जेसीबीनं खणलेला. आमची एक फायबर केबल त्याच भिंतीखालून जात होती. चराच्या कडेला काळ्या नळीचं फाटकं टोक वर आलेलं होतं.

सर्व्हरच्या खोलीतून मी घोणसीकर सरांना फोन लावला. “सर, पेटीत कुंपणाकडून आलेली केबल आहे ना, तिच्यावर निळी चिकटपट्टी आहे. ती उपसा. मी इकडची उपसते.”

“अहो, तिचा दिवा लागलाय, मॅडम! चालू केबल कशाला काढायची?”

“काढा म्हणते ना!”

दोन्हीकडून ती केबल निघाली आणि फोनमधून मला हॉलचा आवाज ऐकू आला. बायका एकदम बोलायला लागल्या होत्या. “झालं, झालं! सगळे चालू झाले, मॅडम!” सर ओरडत होते.

दिवा फसवा होता, त्याचं कारण साधं होतं. फायबर सरळ त्या स्विचमध्ये जात नाही. मधे तिचा प्रकाश साध्या तारेत बदलणारी एक छोटी डबी असते. स्विच आणि डबी यांच्यातली हातभर तार धड होती, म्हणून दिवा लागत होता. तुटलं होतं ते डबीच्या पलीकडे. आणि स्विच प्रत्येक संगणकाला एक केबल ठरवून देतो. ज्यांच्या वाट्याला धड केबल आली त्यांचा पेपर चालू राहिला. ज्यांच्या वाट्याला तुटकी आली, त्यांची उत्तरं चरात पडत राहिली.

सर्व्हरच्या खोलीतला स्विच मात्र माझाच होता. लॅपटॉप जोडून मी त्याचं सेटिंग पाहिलं. माझी जोडी मोडून कुणीतरी तिथं स्टॅटिक जोडी बांधली होती. त्या स्विचचा पासवर्ड जगात दोघांनाच ठाऊक होता.

मन्मथ आला तेव्हा परीक्षा संपत आली होती. कावेरीला उपयोग झाला नव्हता. बराच वेळ उत्तर न गेल्यामुळं तिचा पेपर सॉफ्टवेअरनं आपोआप जमा करून टाकला होता. तशा आणखी पुष्कळ जणी होत्या. त्या जिन्यात बसून राहिल्या.

“मन्मथ, हॉलमधला स्विच कुठं गेला?” मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे, पण तंत्रनिकेतनात एका बाकावर शिकलो होतो, त्यामुळं दोघंच असलो की नावानंच.

“अगं, मागं वीज पडली ना, तेव्हा जळाला. हाताशी होता तो जुना लावला. त्याला डायनॅमिक येत नाही, मग इकडंही स्टॅटिक करावं लागलं. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ.”

“एवढी मोठी गोष्ट?”

“चूक झाली माझी. आता काय फाशी देतीस?” असं म्हणून त्यानं माझ्या डोक्यावर टप्पल मारली. घाबरलेला होता. मला त्याची दयाच आली.

मी विश्वास ठेवला. न ठेवायला काय झालं होतं? लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तो कामं मिळवायचा, माणसं सांभाळायचा, केबल ओढायचा. स्विचच्या आतलं सगळं मी करायची. लोक म्हणायचे, बिडव्यांचं जोडपं म्हणजे दोन बैलांची गाडी.

दोन दिवसांनी चौकशी लागली. भरतीच्या कार्यालयाकडून साळुंके मॅडम येणार होत्या. जाताना गाडीत मन्मथ म्हणाला, “तिथं मी बोलतो. तू मधे तोंड घालू नको. तू खरं बोलायला लागलीस की थांबत नाहीस, आणि समोरच्याला काही कळत नाही. जेसीबीनं केबल तोडली एवढंच सांगायचं आणि मिटवायचं.”

“पण त्या बायकांचं?”

“ते बी बघतो. माझ्यावर सोड.”

मी सोडलं.

प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर कावेरी आणि आणखी चौघी बसलेल्या होत्या. कावेरीनं मला पाहून नमस्कार केला. आत प्राचार्य, घोणसीकर सर आणि साळुंके मॅडम. मॅडमचे केस पांढरे, आवाज शांत, प्रश्न नेमके.

“मला एकच समजत नाही,” त्या म्हणाल्या. “नेटवर्क बंद पडलं तर सगळ्यांचंच बंद पडायला हवं. इथं एकीचा पेपर पूर्ण आहे आणि खेटून बसलेल्या दुसरीचा अर्धा. बाहेरच्या बायका म्हणतात संगणक अडला. कशावरून? पेपर सोपा गेला नाही म्हणूनही कुणी असं म्हणेल. तसं असेल तर मला फेरपरीक्षेची शिफारस करता येणार नाही.”

“तेच मी म्हणतोय मॅडम,” मन्मथ पुढं सरकला. “नेटवर्क चालूच होतं. निम्म्या बायका देतच होत्या की पेपर. खेड्यातून आलेल्या असतात, माऊस धरायची सवय नसते...”

मी त्याच्याकडं वळून बघितलं. त्यानं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला.

“मग एक केबल उपसल्यावर सगळे संगणक चालू झाले, असं घोणसीकर सर म्हणतात, ते कसं?” साळुंके मॅडमनी विचारलं.

मन्मथनं घसा खाकरला. हात गुडघ्यावरच होता.

“त्याचं असं आहे, ते सेटिंग मॅडमचं आहे. मी वायरिंग बघतो. आतलं सगळं आमच्या ह्या करतात. आता बाईमाणसाकडून घाईगडबडीत राहतं काहीतरी. मी त्यांच्या वतीनं माफी मागतो.”

आणि त्यानं खरोखर हात जोडले. त्यासाठी माझ्या गुडघ्यावरचा हात काढला.

गाडीत त्यानं मला गप्प राहायला का सांगितलं होतं, ते मला त्या खुर्चीत बसून कळत होतं. तरीही मन त्याच्या बाजूनं धावत होतं. घाबरलाय, वेळ आली म्हणून तोंडातून गेलं, घरी गेल्यावर रडेल, माफी मागेल.

तेवढ्यात घोणसीकर सर मान हलवत म्हणाले, “हो, बिडवे साहेब तवाच म्हणले होते की. स्विच बदलायला आले तवा मी विचारलं, चांगला काढून जुना का लावताय? तर म्हणले, मॅडमनी सांगितलंय. आन मॅडमला त्याचं काही विचारू नका, त्यांना आवडत नाही.”

“चांगला काढून?” मी विचारलं. खोलीतलं ते माझं पहिलं वाक्य. “तो जळाला नव्हता?”

“छे हो. चालू स्विच काढला की. साहेबांच्या भावाच्या क्लासला लावायचा होता ना.”

मन्मथचा भाऊ शहरात बारावीचे क्लास चालवायचा. महिन्यापूर्वी नवीन हॉल सुरू केला, तेव्हा मी तिथं नारळ फोडायला गेले होते.

म्हणजे वीज नव्हती पडली. आणि केबल तुटायच्या आधी, काहीच बिघडलेलं नसताना, स्विच काढता काढताच त्यानं माझं नाव तिथं ठेवून दिलं होतं. पुढं कधी लागलं तर असावं म्हणून.

“बिडवे मॅडम,” साळुंके मॅडम म्हणाल्या, “हे सेटिंग तुमचं आहे?”

“रेणुका,” मन्मथ माझ्याकडं न बघता म्हणाला, “घरी बोलू.”

“नाही,” मी म्हणाले. “मॅडम, मी बांधलेली जोडी तिथं नाहीच. मला दुपारपर्यंत वेळ द्या. क्लासमधला स्विच इथं मागवा. एकीचा संगणक कसा अडतो आणि दुसरीचा कसा चालतो ते डोळ्यांनी बघा. मग ठरवा, बाहेरच्या बायका खोटं बोलतात का ते.”

प्राचार्यांनी मन्मथलाच तो आणायला पाठवलं. शिपाई बरोबर दिला. तो गेला तेव्हा मला वाटलं, येणार नाही. पण आला. स्विच छातीशी धरून हॉलमध्ये आला आणि माझ्या हातात दिला. आमची बोटं एकमेकांना लागली. ती गार होती. त्याची की माझी, कोण जाणे.

तोवर मी जुन्या डब्यात ती तुटकी केबल परत जोडून ठेवली होती. सगळे संगणक लावले. कावेरीला आणि तिच्या सोबतिणींना आत बोलावून बसवलं. निम्मे चालले, निम्मे थिजले. कावेरीच्या शेजारणीचा चालला, कावेरीचा अडला.

“असंच झालं होतं,” कावेरी म्हणाली. “असंच, मॅडम.”

साळुंके मॅडम वाकून पेटीत बघत होत्या. “दिवा तर दोन्हींचा लागलाय.”

“जुना स्विच दिव्यावर विसंबला म्हणूनच हे झालं,” मी म्हणाले.

मग जुना डबा काढला, माझा स्विच बसवला, दोन्ही टोकांना डायनॅमिक जोडी बांधली. तुटकी केबल तशीच लावलेली. दिवा तसाच हिरवा. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही केबलची नावं होती. स्विचनं पलीकडं निरोप पाठवला. एका केबलवरून उत्तर आलं. दुसरीवरून आलं नाही. स्विचनं तिला जोडीत घेतलंच नाही. दिवा लागलेला असूनही ती बाहेर उभी राहिली, आणि हॉलमधले सगळे संगणक चालू होते.

कावेरीनं एक प्रश्न सोडवला, मग पुढचा. ती परीक्षा नव्हती, नुसते नमुन्याचे प्रश्न होते, तरी ती सोडवत राहिली.

“मला शिफारस करायला एवढं पुरे,” साळुंके मॅडम म्हणाल्या.

मन्मथ दाराशी उभा होता. त्यानं सगळं पाहिलं. मला वाटतं, त्या हॉलमध्ये मी काय करते हे पूर्ण समजणारा तो एकटाच होता.

अडलेल्या बायकांची परीक्षा परत झाली. कावेरी निवडली गेली. फोन करून तिनंच सांगितलं. बिडवे नेटवर्क्सला परीक्षांच्या कामातून काढून टाकलं. घरी सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. “नवऱ्याला चव्हाट्यावर आणलं,” एवढंच त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दिराच्या बायकोनं तर तोंडावर विचारलं, “एक डबा आमच्या क्लासला लावला तर एवढं काय बिघडलं होतं, जाऊबाई?”

मन्मथ काही दिवस घुम्यासारखा राहिला. एका संध्याकाळी मी गच्चीत कपडे काढत होते, तिथं आला.

“तुझं नाव घेतलं हे चुकलं माझं,” तो म्हणाला. “पण तूही विचार कर. तुझं नाव गेलं तर कामं माझ्या नावावर मिळत राहतात, घर चालतं. माझंच गेलं तर दोघंही बसलो. तुला एवढं उमगू नये?”

“मला दुसरंच विचारायचंय. केबल तुटली नव्हती, कुणी काही विचारलं नव्हतं. तेव्हाच घोणसीकर सरांना माझं नाव का सांगितलंस?”

तो खरोखर विचारात पडला. मला त्याचा चेहरा आठवतो. त्यात लबाडी नव्हती, आणि तेच भयंकर होतं.

“सवय झालीय गं,” तो म्हणाला. “काही मागंपुढं झालं की मी म्हणतो, मॅडमचं सेटिंग आहे. बाईचं नाव घेतलं की लोक जास्त ताणत नाहीत. हसतात, सोडून देतात.”

“सगळीकडे?”

वाळलेली चादर माझ्या हातात होती. त्यानं सवयीनं तिची दुसरी दोन टोकं धरली आणि आम्ही दोघांनी मिळून तिची घडी घातली.

त्या रात्री मला एकेक जागा आठवत गेली. औशाच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्यादेखत मन्मथला म्हणायचे, “या वेळी तुम्ही स्वतः लक्ष घाला.” साखर कारखान्यातला तो कारकून मला बघितलं की हसायचा. मी त्यांना तऱ्हेवाईक समजून सोडून दिलं होतं.

एक जागा मात्र तशी नव्हती. निलंग्याच्या मुलींच्या शाळेत उमरगेकर बाई मुख्याध्यापिका होत्या. त्या शाळेत मला नेहमी मान मिळे. बाई माझ्यासाठी घरून धपाटे आणायच्या, काम करताना शेजारी खुर्ची टाकून बसायच्या, मुलींना बोलावून माझ्याकडं बोट दाखवायच्या. मला आई लवकर गेलेली. निलंग्याचं काम निघालं की मी आदल्या दिवसापासून खुशीत असायची.

सकाळी मी निलंग्याची एसटी धरली. वेगळं राहायचं माझ्या मनात ठरत आलं होतं, स्वतःचं काम सुरू करायचं होतं, आणि त्याची पहिली गोष्ट मला बाईंनाच सांगायची होती.

बाई वर्गातून बाहेर आल्या, मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. ऑफिसात नेलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. परीक्षा, चर, स्विच, गच्ची. त्या मधूनमधून अरेरे म्हणत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला.

“तुम्ही वाईट वाटून घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “मला तुमच्या मिस्टरांनी पहिल्याच दिवशी कानात सांगितलं होतं. ही नवीन आहे, अजून शिकतीय, काही चुकलं तर सांभाळून घ्या म्हणून. मी तर तुम्हाला कधी काही बोलले नाही. शेजारी बसायची ती त्यासाठीच. मुलींनाही सांगायची, बघा, बाई लग्नानंतर धडपडून शिकतायत, त्यांना हसू नका.”

हात अजून त्यांच्या हातातच होता. ऊबदार, मऊ हात. मला तो ओढून घेता येईना.

“मग?” त्यांनी अगदी मायेनं विचारलं. “आता आलं का सगळं?”

“हो बाई,” मी म्हणाले. “आता आलं.”